रक्तबंबाळ भयपट आणि १९७०च्या दशकाला मुजरा : आवडणाऱ्यांसाठी (आणि न आवडणाऱ्यांसाठीही) धागा

मध्यरात्र (धागाकर्ता)

इथे भयपटांवर धागे निघतात ते बहुतेक भुताटकीच्या वाड्यांवर, जपानी-कोरियन सिनेमांवर, नाहीतर धारप-मतकरींच्या कथांवर. तेही मी आवडीने वाचतो. पण एका प्रकाराबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, कारण बोललं की लोक वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. अतिहिंसक भयपट. त्यातही असे, जे १९७०च्या दशकातल्या स्वस्त, मळकट, घामट अमेरिकन सिनेमांना उघडपणे मुजरा करतात. मला हे सिनेमे मनापासून आवडतात आणि का आवडतात ते आज नीट मांडायचंय. (पुढे कथानकं फुटली आहेत. ज्यांना बघायचेत त्यांनी जपून वाचा.)

रॉब झॉम्बीच्या 'द डेव्हिल्स रिजेक्ट्स'पासून (२००५) सुरुवात करतो. माझ्या मते या प्रकारातला हा अव्वल सिनेमा. साल १९७८. एक खुनी कुटुंब, पहाटे घरावर पोलिसांचा छापा, काहीजण निसटतात आणि शेरीफ त्यांच्या मागावर निघतो. गोष्ट एवढीच. पण ती सांगितली कशी आहे बघा. सिनेमा १६ मिमीच्या अरुंद, स्वस्त फिल्मवर चित्रित केलाय, त्यामुळे पडद्यावर सतत फिल्मचे कण वळवळत असतात. कॅमेरा फिल पार्मेटचा. हा माणूस 'हार्लन काउंटी, यूएसए' (१९७६) या खाणकामगारांच्या संपावरच्या गाजलेल्या माहितीपटाच्या कॅमेरा चमूत होता. म्हणजे झॉम्बीने जुन्या सिनेमाची नक्कल करणारा कॅमेरामन शोधला नाही, त्या काळात खरोखर खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस आणला. फरक दिसतो. भीती अंधारात लपलेली नाही. सगळं भर दुपारी, उन्हात, धुळीत घडतं. मोटेलमधून सुटलेली बाई मदतीसाठी हायवेवर धावत येते तेव्हा लख्ख ऊन असतं, आणि तिला वाचवणारं कुणी नसतं.

नटमंडळी बघा. केन फोरी 'डॉन ऑफ द डेड'मधला (१९७८), मायकल बेरीमन 'द हिल्स हॅव आइज'मधला (१९७७), पी. जे. सोल्स 'हॅलोविन'मधली (१९७८), बिल मोस्ली 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर'च्या (पुढे नुसतं 'टेक्सास') दुसऱ्या भागातला (१९८६). आणि खुनी कुटुंबातल्या कॅप्टन स्पॉल्डिंगच्या भूमिकेत सिड हेग, ज्याने जॅक हिलच्या 'कॉफी' (१९७३) आणि 'फॉक्सी ब्राउन'मध्ये (१९७४) दुय्यम गुंडांची कामं केली. त्या काळातल्या या लोकांना झॉम्बीने मध्यभागी आणून बसवलं. खरा मुजरा मी याला म्हणतो. नुसता एखादा जुना शॉट उचलून वापरण्याला नाही.

आता मूळ पुरुषाकडे येऊ. टोबी हूपरचा 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' (१९७४). नाव ऐकून लोकांना वाटतं की यात रक्ताचे पाट वाहत असतील. प्रत्यक्षात रक्त फारच कमी आहे. मांस टांगायच्या हुकाचा प्रसंग आठवा. लेदरफेस, म्हणजे कातड्याचा मुखवटा घातलेला खुनी, एका मुलीला उचलतो, हुक दिसतो, तिचा चेहरा दिसतो, खाली ठेवलेली बादली दिसते. हुक अंगात शिरताना एकदाही दिसत नाही. त्या बादलीमुळे आपल्या डोक्यात बाकीचं सगळं आपोआप तयार होतं. हूपरला तर आशा होती की एवढं कमी दाखवलंय म्हणून सौम्य प्रमाणपत्र मिळेल. अर्थात मिळालं नाही. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९७५ मध्ये प्रमाणपत्रच नाकारलं आणि एकही कट न देता पास केला तो थेट १९९९ मध्ये.

माझं म्हणणं असं आहे की आजचा दिग्दर्शक या परंपरेला सलाम करतो तेव्हा त्याने काय उचललं यावर सगळं ठरतं. फिल्मवरचे ओरखडे, पिवळट रंग, बेलबॉटम आणि जुनी गाणी हे वरचं सामान झालं. आतलं सामान म्हणजे उन्हाळा, थकवा, वेळ आणि हिंसेचं वजन. त्या सिनेमात माणूस मरतो तेव्हा मरायला वेळ लागतो. जखमी माणूस जखमीच राहतो. गोळी लागलेला नायक पुढच्या दृश्यात उड्या मारत नाही. हे वजन ज्यांनी उचललं त्यांचे सिनेमे मला पुन्हापुन्हा बघावेसे वाटतात. म्हणूनच जेरेमी सॉल्निएचा 'ग्रीन रूम' (२०१५) मी याच कुळात धरतो, जरी त्यात जुनेपणाचा कुठलाही देखावा नाही. बंद खोलीच्या दाराबाहेर एक तरुण हात काढतो, आत ओढून घेतो तेव्हा तो हात उभा-आडवा चिरलेला असतो, आणि पुढचा पूर्ण सिनेमा तो मुलगा चिकटपट्टी गुंडाळलेल्या त्याच हाताने लढतो.

तुम्हाला कोणते आवडतात आणि का, ते लिहा. ज्यांना हा प्रकारच पटत नाही त्यांनीही जरूर लिहा, फक्त सिनेमा बघून लिहा एवढीच विनंती.

रीळ

उत्तम धागा. मी रंगसंस्काराचं (चित्रित झालेल्या फिल्मचे रंग नंतर ठरवण्याचं) काम करतो, बहुतेक जाहिरातपटांचं, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो.

'टेक्सास'चा पोत आला कुठून? हूपर आणि कॅमेरामन डॅनियल पर्ल यांनी पैशाअभावी १६ मिमीवर चित्रण केलं आणि नंतर ते ३५ मिमीवर मोठं केलं. चौकट मोठी केली की कणही मोठे होतात. शिवाय वापरलेली फिल्म अगदी मंद होती, तिला भरपूर प्रकाश लागायचा. १९७३चा टेक्सासचा उन्हाळा, घरात दिवे लावलेले, रात्रीचा प्रसंग दिवसा घ्यायचा म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद केलेल्या. जेवणाच्या टेबलाचा शेवटचा मोठा प्रसंग तर चोवीस तासांहून जास्त वेळ सलग चित्रित झाला. कारण खुनी कुटुंबातल्या आजोबांचं काम करणारा जॉन डुगन हा विशीतला पोरगा होता आणि तो जड मेकअप पुन्हा चढवायला तो तयार नव्हता. टेबलावरचं मांस दिव्यांखाली सडत होतं, हाडं खरी होती, आणि माणसं मध्येच बाहेर जाऊन ओकून येत होती. लेदरफेस झालेल्या गनर हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड होता, तोही रंगवलेला, धुतला तर रंग उडेल म्हणून पूर्ण चित्रणभर धुतलाच नाही.

हे कुठलंही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. आजकाल ग्राहक येतो आणि म्हणतो, 'जरा सत्तरच्या दशकाचा फील द्या.' कण टाकायला मला काही मिनिटं लागतात. पण चित्रणच जर थंडगार स्टुडिओत, सपाट प्रकाशात झालेलं असेल तर कण टाकून उपयोग शून्य. प्रकाश आधी चुकलेला असतो.

एका मुद्द्यावर मात्र असहमत. ओरखडे हे नेहमीच वरचं सामान नसतं. रॉड्रिगेझचा 'प्लॅनेट टेरर' (२००७) डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालाय आणि सगळे ओरखडे नंतर टाकलेत, हे खरं. पण त्यातला प्रणयप्रसंग आठवा. प्रसंग रंगात येतो तशी फिल्म जास्त खराब होत जाते, शेवटी जळते, आणि पडद्यावर रीळ गहाळ असल्याची पाटी येते. पाटी जाते तेव्हा आख्खं हॉटेल पेटलेलं असतं आणि पात्रांना नायकाचं रहस्य कळून चुकलेलं असतं. प्रेक्षकाला मात्र ते कधीच कळत नाही. कथेतला सगळ्यात कंटाळवाणा भाग एका फटक्यात उडवला! फिल्मची खराबी इथे पटकथेचं काम करते. याला मी वरवरचं म्हणणार नाही.

पाचवा मजला

+१. वाचनखूण साठवली.

निळी शाई

मी भयपट बघते, रक्ताला घाबरत नाही, आणि धागाकर्त्याने सांगितल्याप्रमाणे 'डेव्हिल्स रिजेक्ट्स' पूर्ण बघून लिहिते आहे.

मोटेलचा प्रसंग मला मान्य नाही. नवऱ्यादेखत एका मध्यमवयीन बाईला बंदुकीच्या धाकाने विवस्त्र करून ज्या प्रकारे छळलं जातं, आणि कॅमेरा ज्या सावकाशपणे ते बघत बसतो, त्याला 'हिंसेचं वजन' म्हणणं मला जड जातं. वजन कुणाच्या वाट्याला आलंय ते बघा. जुन्या सिनेमांतही तेच होतं. वेस क्रेव्हनचा 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट' (१९७२) मी एकदाच बघू शकले. त्यात मुलींवरचे अत्याचार चालू असताना मध्येच दोन बावळट पोलिसांचे विनोदी प्रसंग येतात. तुम्ही त्या काळाला मुजरा करता तेव्हा त्या काळाची बाईकडे बघायची नजरही सोबत येते. ती गाळून घेता येते का? आणि गाळली तर तुम्ही ज्याला रांगडेपणा म्हणता तो उरतो का? मला खरंच उत्तर हवंय, भांडायला आलेले नाही.

तिसरी घंटा

हे सिनेमे मुळात कुठे लागायचे ते लक्षात घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरजवळ बेचाळिसाव्या रस्त्यावर थिएटरांची रांगच्या रांग होती. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ, एका तिकिटात दोन किंवा तीन सिनेमे. कुणी झोपायला येई, कुणी थंडीपासून पळून येई. प्रिंट गावोगाव फिरून झिजलेली असायची. अशा प्रेक्षकाला जागं ठेवायचं म्हणजे धक्का द्यावाच लागतो, नाजूक इशारे तिथे कामाचे नव्हते. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नव्वदच्या दशकात तो रस्ता सरकारी पुनर्विकासात साफसूफ झाला, आणि ही थिएटरं गेली.

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला जत्रेत तंबू लागायचे तेव्हा पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडतच असायचा. रीळ तुटलं की शिट्ट्या, मग ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून जोडायचा आणि सिनेमा एक उडी मारून पुढे जायचा. मारामारीच्या ऐन मध्यावर उडी बसली तर खालून आरडाओरडा. टुरिंग टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा सुंदर माहितीपट आहे, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. कॅन महोत्सवात दाखवला गेला होता. प्रोजेक्टर दुरुस्त करणारी माणसं, गंजलेले ट्रक, सगळं त्यात आहे. 'ग्राइंडहाउस' ('प्लॅनेट टेरर' आणि 'डेथ प्रूफ' यांचा जोडखेळ, २००७) बघताना टॅरँटिनो आणि रॉड्रिगेझ नेमकी कशाची आठवण काढताहेत हे मला लगेच कळलं, जरी त्यांचा रस्ता आणि आमचा तंबू यांत समुद्र आहे.

दुर्दैवाने तो प्रयोग अमेरिकेत पडला. तीन तासांहून मोठा जोडखेळ, मध्ये खोट्या सिनेमांचे ट्रेलर, आणि लोकांना ते काय आहे तेच कळलं नाही. बाहेरच्या बऱ्याच देशांत तर दोन्ही सिनेमे वेगवेगळे करूनच लावले. म्हणजे मूळ कल्पनाच गेली. पण ते खोटे ट्रेलर मात्र जगले! 'मचेटी' २०१० मध्ये पूर्ण सिनेमा झाला, कॅनडात काही ठिकाणी दाखवलेला 'होबो विथ अ शॉटगन' २०११ मध्ये, रुटगर हाउअरला घेऊन. आणि एली रॉथचा 'थँक्सगिव्हिंग' चक्क २०२३ मध्ये.

मध्यरात्र

@निळी शाई : तुमचा प्रश्न टाळत नाही.

मोटेलचा प्रसंग मलाही बघवत नाही, आणि तो बघवू नये असाच बनवलाय असं मी मानतो. पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये. मी सिनेमाचा उत्तरार्ध पुढे करतो. शेरीफ वायडेलच्या भावाला या कुटुंबाने आधीच्या सिनेमात मारलंय. तो कायदा गुंडाळून ठेवतो, तिघांना त्यांच्याच घरात बांधतो, बळींचे फोटो त्यांच्या अंगावर स्टेपलगनने ठोकतो, त्यातल्या ओटिसच्या तळहातांत खिळे मारतो. आपल्याला वाटलं होतं की हे बघून बरं वाटेल. वाटत नाही. आणि मग शेवट. तिघे रक्ताने माखलेले, उघड्या गाडीत, पुढे पोलिसांनी रस्ता अडवलेला, आणि लिनर्ड स्किनर्डचं 'फ्री बर्ड' सुरू होतं. तेही तुकडा नाही, जवळजवळ सगळं गाणं. बोलणं नाहीच. गिटार वेग घेते तशी गाडी वेग घेते. त्या क्षणी मला त्या खुन्यांबद्दल काहीतरी वाटतं, आणि ते वाटल्याचा रागही येतो, कारण मोटेल मी विसरलेलो नसतो. मोटेल सौम्य असतं तर हा राग आला नसता, नुसतं 'बॉनी अँड क्लाइड'सारखं (१९६७) रोमँटिक वाटलं असतं. म्हणून त्या प्रसंगाची गरज मला पटते. त्याची लांबी पटत नाही, तिथे तुमच्याशी सहमत आहे.

नजर गाळता येते का? येते असं मला वाटतं. टाय वेस्टचा 'एक्स' (२०२२) तुम्ही बघितला आहे का?

खर्ज

सगळे चित्राबद्दल बोलताय, आवाजाबद्दल कुणीच नाही! 'टेक्सास' डोळे मिटून ऐका.

सुरुवातीला अंधार. खणण्याचा आवाज, धापा. मग फ्लॅशबल्बचा तो विचित्र, घशातून ओरखडत आल्यासारखा आवाज आणि क्षणभर दिसणारे कुजलेले हात. पार्श्वसंगीत हूपर आणि वेन बेल यांनी मिळून केलं आणि त्यात सूर म्हणावा असं जवळजवळ काही नाही. धातूवर आपटणं, घासणं, घुमणं. त्यात घराशेजारचा जनरेटर सतत धडधडतो, इतका की संगीत कुठे संपलं आणि जनरेटर कुठे सुरू झाला ते कळत नाही.

लेदरफेस पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग मी शिकवताना वापरतो (ध्वनिमुद्रणाचे वर्ग घेतो). कर्क नावाचा तरुण घरात शिरतो, आतून डुकरासारखा आवाज येतो, तो पुढे धावतो, अडखळतो, समोर एक अवाढव्य माणूस, हातोड्याचा एक घाव. कर्क खाली पडतो आणि त्याचे पाय थडाथड जमिनीवर आपटायला लागतात. दुसरा घाव. त्याला आत ओढलं जातं आणि पत्र्याचं सरकतं दार धाडकन बंद होतं. मग खालच्या पट्टीतली एक घरघर. काही सेकंदांत सगळं संपतं. कॅमेरा लांब उभा, घाईने जवळ जात नाही, कुणी किंचाळत नाही, संगीत आधी सूचना देत नाही. आजचे भयपट धक्का देण्याआधी शांतता पसरवतात आणि मग कानाखाली वाजवतात. इथे दाराचा आवाज हाच धक्का, आणि तो त्या घरातलाच आवाज आहे.

धाग्याशी संबंध असा : 'डेव्हिल्स रिजेक्ट्स'चं संगीत टायलर बेट्सचं आणि 'एक्स'चंही, चेल्सी वुल्फबरोबर. 'एक्स'मध्ये बायकी आवाजातले श्वास, उसासे, हुंकार संगीतात मिसळलेत. पडद्यावर अश्लील सिनेमाचं चित्रण चालू आहे, त्यामुळे तो श्वास सुखाचा की भीतीचा हे ठरवता येत नाही. ही जुन्याची नक्कल म्हणता येणार नाही. हूपरने यंत्रांतून जे काढलं ते इथे माणसाच्या गळ्यातून काढलंय.

गावठाण

या सगळ्यात आपले रामसे कुठे आहेत? एफ. यू. रामसे आणि त्यांची सात मुलं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, कुमार लेखन, केशू निर्मितीची धावपळ. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) हे लोक महाबळेश्वरला जाऊन थोडक्या पैशात करून आले. साल बघा, 'टेक्सास'च्या दोन वर्षं आधी! मग 'पुराना मंदिर' (१९८४), त्यातला अजय अगरवालचा सामरी राक्षस, 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०). मोठ्या बॅनरच्या सिनेमांना जी गावं मिळत नव्हती तिथे यांचे सिनेमे हाउसफुल चालायचे.

मला वाईट याचं वाटतं की टोबी हूपरचा सिनेमा न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवला जातो, त्याच्यावर प्रेम करणारी पुढची पिढी तेवढ्याच गंभीरपणे नवे सिनेमे काढते, आणि रामसेंची आठवण निघते ती फक्त हसण्यासाठी. पाहुणा म्हणून मुखवटा घातलेला माणूस आणायचा, धूर सोडायचा, लोक हसले की झालं. गंगू रामसेंनी निळ्या-लाल प्रकाशात रंगवलेले ते वाडे पुन्हा नीट बघा. त्या प्रकाशाला मनापासून दाद देणारा नवा हिंदी किंवा मराठी भयपट मला तरी दिसलेला नाही. त्यातल्या त्यात आशिम अहलुवालियाचा 'मिस लव्हली' (२०१२) या दुनियेच्या जवळ गेला, ऐंशीच्या दशकात मुंबईत स्वस्त भयपट आणि अश्लील सिनेमे काढणाऱ्या दोन भावांची गोष्ट, नवाजुद्दीन सिद्दिकी त्यातला एक भाऊ. पण तो भयपट नाही, त्या धंद्यावरचा सिनेमा आहे. 'तुंबाड' (२०१८) मला अतिशय प्रिय, पण त्याचं कूळ वेगळं, त्याच्या मागे धारपांची कथा आणि कोकणातला पाऊस आहे.

रीळ

@गावठाण : शब्दाशब्दाशी सहमत. 'वीराना'च्या रंगांचा अभ्यास व्हायला हवा. मिळणाऱ्या प्रती इतक्या खराब आहेत की मूळ रंग काय होते ते समजायलाही मार्ग नाही. चांगलं पुनरुज्जीवन झालं तरच पुढच्या कुणाला मुजरा करावासा वाटेल. हूपरच्या सिनेमाला ते भाग्य लाभलं.

वेताळ टेकडी

एक बाजू राहिली. जुन्या सिनेमांचा रांगडेपणा काही वेळा खऱ्या क्रौर्यातून आला होता. रुजेरो डेओडाटोच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये (१९८०) कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारलेत. नदीकाठी मोठ्या कासवाला उघडून फाडतानाचा प्रसंग मी थांबवला तो कायमचा. माणसांच्या हत्या इतक्या खऱ्या वाटल्या की इटलीत दिग्दर्शकावर खटला झाला आणि नट जिवंत आहेत हे त्याला सिद्ध करावं लागलं. एली रॉथने त्याच जंगली नरभक्षकपटांना सलाम म्हणून 'द ग्रीन इन्फर्नो' (२०१३) काढला. सिनेमा म्हणून तो डेओडाटोच्या जवळपासही जात नाही. पण त्यात कुणी जनावर मारलेलं नाही, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

'टेक्सास'बद्दलही रीळ यांनी लिहिलंय ते सगळं कौतुकाने वाचलं जातं. पण त्यात नायिका झालेल्या मेरिलिन बर्न्सचं बोट खरंच कापलं गेलं, कारण नकली रक्ताची नळी तुंबली आणि थकलेल्या हॅन्सनने पात्यावरची पट्टी काढून खऱ्या पात्याने चीर दिली. आजोबा जे चोखतोय ते तिचं रक्त आहे. हे समजल्यापासून तो प्रसंग मला भयपट म्हणून बघता येत नाही. नव्या सिनेमांची मला कदर आहे ती यासाठीच. तोच परिणाम, पण स्टंट करणाऱ्याला पट्टा बांधलेला, जखम रबराची, आणि काम संपलं की सगळे घरी. नकली जखमा बनवणारा टॉम सॅव्हिनी व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होता, तिथे बघितलेल्या जखमा आठवून त्याने 'डॉन ऑफ द डेड'मध्ये त्या रबरात उभ्या केल्या. 'प्लॅनेट टेरर'मध्ये तोच माणूस पोलिसाच्या भूमिकेत आहे आणि त्याचं बोट तोडलं जातं. इफेक्ट्स करणाऱ्या चमूत त्याचाच शिष्य ग्रेग निकोटेरो. गुरूचं बोट शिष्याने नकली बनवलं, हा मुजरा मला सगळ्यात आवडतो.

मध्यरात्र

@वेताळ टेकडी : बोटाचा मुद्दा महत्त्वाचा. मी वर 'थकवा' म्हणालो तो पडद्यावरचा थकवा. सेटवर माणसांना राबवून मिळालेला थकवा मला नकोय. दोन्ही वेगळं करता येतं हे 'ग्रीन रूम'ने दाखवलंय.

यॉर्कशायरी

मी बरीच वर्षं इंग्लंडात आहे. इथल्या लोकांना या विषयावर बोलतं केलं की 'व्हिडिओ नॅस्टीज'ची, म्हणजे ओंगळ ठरवलेल्या सिनेमांच्या कॅसेटची, आठवण निघतेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅसेटवर कुठलंही नियंत्रण नव्हतं. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ सिनेमे आले, पोलिसांनी दुकानांवर छापे घातले, आणि १९८४ मध्ये कायदा झाला. यादीतले सिनेमे बघायला मिळवणं हीच मग पोरांची शर्यत झाली.

यावर प्रॅनो बेली-बाँड या दिग्दर्शिकेचा 'सेन्सॉर' (२०२१) नक्की बघा. सेन्सॉर कार्यालयात काम करणारी एनिड दिवसभर डोळे काढण्याचे आणि डोकी उडवण्याचे शॉट मोजून कापते. लहानपणी हरवलेल्या बहिणीसारखी दिसणारी नटी तिला एका सिनेमात दिसते. तिचं भान सुटत जातं तशी चौकटच बदलत जाते, रुंद पडदा आवळत टीव्हीच्या चौकोनाकडे सरकतो. @निळी शाई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. नजर एका बाईची आहे, तरी हिंसा अजिबात मऊ केलेली नाही.

निळी शाई

'सेन्सॉर' यादीत टाकला. 'एक्स' काल रात्री बघितला. 'डेथ प्रूफ' (२००७) आधीच बघितला होता, पुन्हा चाळला.

'डेथ प्रूफ'बद्दल आधी. पहिल्या अर्ध्यात चार मुली गाडीत मरतात, आणि तो अपघात एकेका मुलीसाठी पुन्हा दाखवला जातो, प्रत्येकीच्या शरीराचं काय झालं ते. तेव्हा मी टॅरँटिनोला मनातल्या मनात खूप बोलले. पण दुसऱ्या अर्ध्यात झोई बेल, जी खरी स्टंटबाई आहे आणि स्वतःचीच भूमिका करते, पांढऱ्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर दोन पट्टे धरून पडते. गाडी भरधाव. संगणकाची करामत नाही, ती खरंच तिथे आहे. आणि लक्षात आलं का, उत्तरार्धात फिल्मवरचे ओरखडेही जवळजवळ नाहीसे होतात. जुना सिनेमा मुलींना मारून संपला असता. हा तिथून नवा सुरू होतो. ओरखड्यांबद्दल मी रीळ यांच्या बाजूने.

'एक्स'मध्ये तळ्याचा प्रसंग. मॅक्सीन, म्हणजे नायिका, एकटी पोहते आहे, कॅमेरा वरून, खूप उंचावरून. ती किनाऱ्याकडे सावकाश हात मारते आणि मागून मगर तेवढ्याच सावकाशपणे येते. तिला पत्ता नाही. कट नाही, संगीताचा दणका नाही. मी पाय वर घेऊन बसले होते. आणि पहिलाच शॉट! आपल्याला वाटतं जुन्या चौकोनी आकाराचा सिनेमा आहे, मग कॅमेरा पुढे सरकतो आणि कळतं की ती कोठाराच्या दाराची चौकट होती, बाहेर पडदा रुंद आहे. खून करणारी म्हातारी आणि पळणारी तरुणी दोन्ही मिया गॉथच. म्हातारीला हेवा आहे तो तारुण्याचा, आणि सिनेमा तिच्या शरीराकडे किळसेने बघत नाही, निदान नेहमी तरी नाही. म्हणजे नजर गाळता येते, हे मान्य. मोटेलबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे, लांबीबद्दल आणि गरजेबद्दलही. शेरीफने नंतर काय केलं यामुळे त्या बाईच्या वाट्याचं काही कमी होत नाही.

एक प्रश्न : 'पर्ल' (त्याच म्हातारीच्या तरुणपणाचा सिनेमा) आधी बघायला हवा होता का?

मध्यरात्र

@निळी शाई : मोटेलवर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, पण तुमचं शेवटचं वाक्य पुढच्या वेळी सिनेमा बघताना माझ्याबरोबर असेल.

मगर योगायोगाने आलेली नाही. हूपरने 'टेक्सास'नंतर केलेल्या 'ईटन अलाइव्ह'मध्ये (१९७६) हॉटेललगतच्या डबक्यात मगर पाळलेली आहे. तो जरूर बघा, सगळा स्टुडिओत, लाल प्रकाशात घेतलाय, 'टेक्सास'च्या अगदी उलट.

'पर्ल' नंतरच बघा. दोन्ही सिनेमे न्यूझीलंडला पाठोपाठ चित्रित झाले आणि २०२२ मध्येच आले, पण म्हातारी कोण हे माहीत असल्याशिवाय 'पर्ल'मधलं तिचं तरुणपण लागत नाही. काळ १९१८चा, इन्फ्लुएंझाच्या साथीचा, आणि मुजरा जुन्या टेक्निकलर संगीतपटांना. झगझगीत लाल, निळं, हिरवं, आणि त्या रंगात कुऱ्हाड. कणही नाहीत, घाणही नाही. तेव्हा तो या धाग्यात बसतो की नाही, ते बघून झाल्यावर तुम्हीच सांगा. मी बसतो म्हणतो, रीळ बहुतेक नाही म्हणतील.

रीळ

बसतो. प्रकाश बरोबर आहे.